अकोल्यापर्यंतचा दम

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

आज मूर्तिजापूरला श्वास घ्यावा लागला.

मूर्तिजापूरला गेलो नव्हतो. अमरावतीच्या स्टँडवर, चौकशीच्या काचेमागे, माझ्याच खुर्चीवर होतो. समोर माईक. ‘बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला, पातूर मार्गे वाशिमला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे’ – हे मी कित्येक वर्षं एका दमात म्हणतो. आजारपणाचा काळ सोडला तर रोज. आज ‘मूर्तिजापूर’ म्हटलं आणि हवाच संपली. थांबलो, श्वास घेतला, पुढचं म्हटलं.

स्टँडवर कोण लक्ष देतं. पण शेषरावांनी दिलं. ते माझ्या बाजूच्या टेबलावर असतात, पुढच्या वर्षी रिटायर होतील. रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाले, “काहून कुंदन, गाडी बंद पडली काय?”

मी हसलो. हसता हसता खोकला आला.

१७ सप्टेंबर

घरच्या छत्तीस पायऱ्या. आज दोनदा थांबलो. थांबताना मोबाईल काढून पाहत उभा राहिलो, म्हणजे खालच्या काकूंना वाटावं की फोन आलाय.

ताप नाही, कफ नाही. कोरडा खोकला, आणि चाललं की दम. गेल्या महिन्यातच नागपूरला रक्त तपासलं. ‘शोधूनही कॅन्सर सापडत नाही,’ असं म्हणाले होते. मग हे काय आहे?

बहिणीला, मैनाबाईला सांगायचं नाही. ते पक्कं.

२३ सप्टेंबर

गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. छातीला नळी लावली, दोन मिनिटं ऐकलं. “दमा आहे. सोयाबीन निघतंय, हवेत धूळ आहे.” ओढायचा पंप दिला.

दमा. बरं. दमा कितीतरी लोकांना असतो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पंपानं काही होत नाही. आता बडनेऱ्यालाच थांबावं लागतं.

शेषराव डबा उघडत म्हणाले, “त्या निखत मॅडमकडे जा. छातीच्या डॉक्टर हायेत. माया सासऱ्याचं तिनंच शोधलं. आन् जुनी फाईल घेऊन जाजो. लपवजो नको काही.”

मी म्हटलं, लपवण्यासारखं काय आहे? त्यांनी लोणच्याची फोड पुढे केली. मला आता लोणचं झोंबतं, तरी घेतली.

८ ऑक्टोबर

डॉ. निखत अंजुम. वयानं माझ्याएवढ्याच असतील, बेचाळीस-त्रेचाळीस. फाईल पहिल्या पानापासून वाचली. आजवर कुणी वाचली नव्हती. मी समोर बसून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो.

मग फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. तिथली मुलगी ओरडते – “फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!” फुंकता फुंकता डोळ्यांपुढे अंधारी. तीनदा केलं. मग पंप देऊन वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा तीनदा.

मॅडमनी दोन कागद शेजारी ठेवले. नागपूरला बोन मॅरो बदलण्याआधी मी पहिल्या सेकंदात तीन लिटर हवा बाहेर टाकत होतो. आज एक पूर्णांक सहा. म्हणजे जवळपास निम्मी. “दमा असता तर पंपानंतर आकडा बऱ्यापैकी वर गेला असता. तुमचा हललाच नाही. आणि एक्स-रे तर साफ आहे.”

मग विचारलं, “डोळे कोरडे पडतात?”

पडतात. वर्षभर झालं. थेंब घालतो.

“तोंड?”

तोंडही. तिखट सोसत नाही, भाजीत पाणी ओतून खातो.

बॅटरी लावून त्यांनी गालाच्या आत पाहिलं. पांढऱ्या रेघा आहेत म्हणाल्या. खुर्चीत बसल्या. “बोन मॅरो कुणी दिला होता?”

“बहिणीनं. मोठ्या.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आधी सीटी करू, मग बोलू.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सीटी झाला. दोन वेळा – एकदा श्वास भरून, एकदा सोडून. खोलीत मी एकटा. स्पीकरवरून आवाज यायचा, “श्वास घ्या. रोखा. सोडा, पूर्ण सोडा.” बोलणारा माणूस शेवटपर्यंत दिसला नाही. स्टँडवर लोकांना माझा आवाज असाच जात असेल.

१८ ऑक्टोबर

आज कळलं.

मॅडमनी फोटो उजेडावर लावले. श्वास भरलेल्या फोटोत काही दिसत नाही, फुफ्फुस चांगलं आहे असंच वाटतं. दुसरा फोटो श्वास सोडल्यावरचा. त्यात हवा निघून गेली की फुफ्फुस करडं व्हायला हवं. माझं काही ठिकाणी करडं, काही ठिकाणी काळंच. चिंध्या जोडल्यासारखं. “काळं आहे तिथे हवा अडकलीय. आत जाते, बाहेर निघत नाही.”

रोगाचं नाव त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. मोठ्या श्वासनळ्या ठीक आहेत. बिघाड अगदी टोकाच्या नळ्यांत, दोन मिलिमीटरहून बारीक. त्यांना सूज येते, मग व्रण धरतो आणि त्या बुजतात. मी म्हटलं, ब्राँकिओलायटिस तर लहान बाळांना होतो ना? शेजारच्या नातवाला झाला होता, आठवड्यात बरा झाला. त्या म्हणाल्या, “बाळांचा व्हायरसमुळे होतो, तो बरा होतो. मोठ्यांचा वेगळा. क्वचित होतो आणि दमा समजून मागे पडतो. कुणाला संधिवातामुळे होतो, कुणाला कारखान्यातल्या वाफेमुळे. कशामुळे झाला ते कळलं तरच उपचार ठरतो.”

“मला कशामुळे?”

त्यांनी जुनी फाईल पुढे ओढली. “तुमच्या शरीरात आता बहिणीच्या पेशी आहेत. त्यांचं कामच आहे परकं ओळखणं. तुमचं फुफ्फुस त्यांना परकं वाटतंय.”

मी विचारलं, म्हणजे बहिणीचं रक्त माझं फुफ्फुस खातंय?

“असं म्हणू नका. त्याच पेशी तुमचा कॅन्सर येऊ देत नाहीत. त्यांना मारायचं नाही. शांत करायचं.” गेलेला दम परत येत नाही, आहे तेवढा टिकवायचा, हेही स्पष्टच सांगितलं. मला ते आवडलं. आवडलं म्हणजे – खोटं नव्हतं.

घरी आलो. रडायला आलं. डोळ्यांतून पाणी आलं नाही, नुसती आग. थेंब घातले आणि ते गालावरून ओघळले.

कागदोपत्री माझा रक्तगट बी होता, आता ओ आहे, मैनाबाईचा. पेशी तपासल्या तर बाईच्या निघतात. नागपूरला नर्स चेष्टा करायच्या. मीही करायचो.

२५ ऑक्टोबर

नागपूर. नाकातून दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलं, ते पाणी तपासलं. जंतू नाहीत, टीबी नाही. तुकडा काढायची गरज नाही म्हणाले. तोंडातल्या रेघा, डोळे, फुंकण्याचे आकडे, सीटी – सगळं एकच सांगतंय. मॅडमचंच बरोबर.

फॉर्मवर ‘सोबतचे नातेवाईक’ अशी जागा होती. शेषरावांचं नाव लिहिलं. ते रजा टाकून आले होते. बाहेर बाकावर बसून मोसंबी सोलत होते. नात्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना. ‘काका’ लिहिलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

औषधं सुरू. वेगळा पंप, दिवसातून दोनदा. अॅझिथ्रोमायसिन आठवड्यात तीनदा – त्याआधी हृदयाची पट्टी काढली. झोपताना एक गोळी. स्टेरॉइड सकाळी, दर आठवड्याला कमी करायचं. दर महिन्याला फुंकायचं. मास्क काढायचा नाही. रोज चालायचं, दम लागला तरी.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. गेलो नाही. फोनवर सांगितलं, “ड्युटी लागली.”

मैनाबाई म्हणाली, “बरं.” एवढंच. मागे तिच्या मशीनचा आवाज. ती अकोल्याला जठारपेठेत घरातच साड्यांना फॉल-पिको करून देते. सणाच्या दिवशीही काम असतं.

ड्युटी नव्हती. स्टेरॉइडनं तोंड सुजलंय, पाहिल्याबरोबर ओळखेल. आणि ओळखलं की विचारेल, कशानं झालं. काय सांगू? बाई, तू वाचवलं आणि तूच –? मॅरो द्यायच्या आधी पाच दिवस इंजेक्शनं घेऊन तिची हाडं ठणकत होती. मग पेशी काढायला चार तास मशीनला हात बांधून पडून होती. माझ्याकडे तोंड करून, पण एक शब्द बोलली नाही.

का बोलली नाही ते मला माहीत आहे. आज लिहूनच टाकतो.

२०१६. आई इथे आयसीयूत, तीन दिवस. मैनाबाईचं तेव्हाच गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं, टाके ओले. मी ठरवलं, तिला सांगायचं नाही. उगाच धावत येईल. आई बरी होईल, मग सांगू. आईनं दोनदा विचारलं, “मैना आली नाई?” मी म्हटलं, येतेय. तिसऱ्या दिवशी आई गेली. मैनाबाई आली तेव्हा आई अंगणात ठेवलेली होती. ती पोट धरून उभी राहिली. मला एकच विचारलं, “कवापासून?” मी म्हटलं, तीन दिवस.

त्यानंतर सहा वर्षं सणाचे फोन तेवढे. मग मला रक्ताचा कॅन्सर झाला, आणि जुळलं फक्त तिचं.

१९ नोव्हेंबर

भूक भूक होते. भात करतो, उभ्यानंच खातो. झोप नाही. घरात कुणाशी बोलायचं नसतं, म्हणून दम पुरतो.

२ डिसेंबर, सोमवार

फुंकलं. एक पूर्णांक चार पाच. अजून उतरलं.

मॅडम नागपूरशी बोलल्या, दुसरी गोळी वाढवली. पेशींना शांत करणारी, जास्त जोराची. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. “घसरण थांबली पाहिजे. इतकंच मागायचं.”

“नाही थांबली तर?”

“तर आणखी उपाय आहेत. ते आज नको.” मग विचारलं, “घरी कोण असतं?”

“मीच.”

“बहिणीला सांगितलं?”

मी म्हटलं, सांगतो.

४ डिसेंबर

शेषरावांनी अकोला गाडीची घोषणा आपल्याकडे घेतली. विचारलं नाही, नुसता माईक ओढून घेतला. त्यांचा आवाज फाटका आहे. माणसं चुकीच्या फलाटावर गेली.

मी माईक परत घेतला. तीन तुकड्यांत म्हणतो, पण माझ्या आवाजात गाडी सापडते.

१४ डिसेंबर, शनिवार

आचल खिडकीशी आली होती. मैनाबाईची मुलगी. इथे होस्टेलला असते, दर शनिवारी अकोल्याला जाते. एरवी दुरून हात करते. आज काचेला नाक लावून उभी.

“मामा, तुमी मधातच काहून थांबता?”

“माईक खराब आहे.”

तिनं माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. मास्क होता, तरी दिसतंच. जाऊन गाडीत बसली. आता आईला सांगते की काय.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी अकराची वेळ. खिडकीवर रांग. मी मान खाली घालून “कुठे जायचं?” विचारलं.

“कोठी नाई जाचं. एक चौकशी कराची हाय.”

मैनाबाई. पदर खोचलेला, हातात पिशवी. मागचे लोक थांबले.

“बाहेर ये,” म्हणाली.

शेषराव माझ्या खुर्चीत बसलेही. आम्ही रसवंतीपाशी बाकावर बसलो. तिनं माझा मास्क खाली ओढला, तोंड पाहिलं, वर केला.

“कवापासून?”

तोच शब्द. आईच्या वेळचा. म्हटलं, “सप्टेंबरपासून.”

“तीन महिने.” तिनं गाड्यांकडे पाहिलं. “आईच्या वक्ती तुनं असंच केलं. तवा म्हणला, तुये टाके वले होते. आता काय वलं हाय मायं? मी काय काचेची हाव? तू कोन ठरवनारा का मैनाबाईले काय सोसते आन् काय नाई?”

“बाई, तुला घोर लागेल म्हणून –”

“घोर माया हाय ना. मले लागू दे.”

काय झालंय ते विचारलं. मी सांगितलं, फुफ्फुसाच्या नळ्या बुजतात, औषध चालू आहे. कशामुळे, ते विचारलं. मी म्हटलं, “होतं असं, मॅरो बदलल्यावर.” खोटं नाही. खरंही नाही.

पिशवीतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि साडेबाराच्या गाडीनं परत गेली. तिच्या गाडीची घोषणा मीच केली. बडनेरा म्हटलं आणि थांबलो. दम नव्हता म्हणून नाही.

२९ डिसेंबर

डबा धुऊन ठेवलाय. परत द्यायला जायला हवं.

५ जानेवारी २०२५, रविवार

अकोल्याला गेलो. खिडकीची जागा, मास्क, मागच्या सीटवर. जठारपेठेत उतरून तिच्या घरापर्यंत सहा मिनिटं, मला सोळा लागली.

भाऊजी बाहेर गेले होते. ती मशीनवर, कुणाची तरी जांभळी साडी. मी बसलो आणि तिनं काही विचारायच्या आत सांगून टाकलं. मॅडमनी सांगितलं तसंच. तुझ्या पेशी, माझं फुफ्फुस, परकं समजणं. तिचा पाय पायडलवरून निघाला.

“म्हंजे मी करून राहिली हे?”

“तू नाही. पेशी.”

“पेशी कोनाच्या?”

“तुझ्या.”

“मंग वापस घेऊ काय मी?”

मला हसू आलं. तिलाही आलं असतं, पण तिनं येऊ दिलं नाही. म्हणाली, “यासाठी भाऊबीजेले नाई आला?”

“हो.”

“मले वाटलं, जीव भेटला, आता याले बहीण कायले पाह्यजे.”

दोन महिने ती हे मनात धरून बसली होती. मी तिकडे एकटा, ती इकडे.

जेवायला वाढलं. मी वरणात पाणी ओतलं ते तिनं पाहिलं. ठेचा उचलून आत ठेवला, तूप-भात पुढे केला. विचारलं, “थांबन काय हे?”

“गेलेलं येणार नाही. पण थांबवता येईल म्हणतात.”

“पुढच्या बारीले मी येतो फुंकाच्या तपासणीले. त्या मॅडमले मी इचारतो.”

६ जानेवारी

फुंकलं. एक पूर्णांक चार तीन. जवळपास तेवढंच. मॅडम म्हणाल्या, एका आकड्यावर जाऊ नका. आज तिला बोलावलं नव्हतं. एवढ्या लवकर कशाला, म्हटलं. संध्याकाळी फोनवर ती भांडली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मैनाबाई सोबत. तपासणीची मुलगी “फुंका, फुंका” ओरडत होती तर ही मागून म्हणाली, “वरडू नको त्याच्यावर, फुकून राह्यला ना तो.” मुलगी हसली. माझं पहिलं फुंकणं वाया गेलं, पुन्हा करावं लागलं.

एक पूर्णांक चार सहा. मॅडमनी तिन्ही महिन्यांचे आकडे एका रेघेत मांडून दाखवले. रेघ आडवी आहे. “थांबलं आहे असं मी आज म्हणू शकते. औषधं चालूच ठेवायची.”

मैनाबाईनं विचारलं, “मायाच पेशीनं झालं का हे?”

“हो. आणि तुमच्याच पेशींनी हे जिवंत आहेत. दोन्ही खरं आहे.”

ती “बरं” म्हणाली. परतताना माझी पिशवी तिनंच धरली. दर दहा पावलांवर मी थांबलो की तीही थांबायची. तिनं मोबाईल काढून पाहिला नाही. नुसती थांबायची. पण वाटेत दोनदा काही बोलायला गेली आणि नाही बोलली.

२१ फेब्रुवारी

छत्तीस पायऱ्या, दोन थांबे. सप्टेंबरइतकेच.

३ मार्च, सोमवार

दुपारी मैनाबाईचा फोन. मागे मशीन चालू होती, मग बंद झाली.

“तुनं खरं सांगतलं, मंग मी काहून पोटात ठेवू? नागपूरवाल्यायचा फोन आला ना, का मायं जुळलं म्हणून, तवा मी त्याईले नाई म्हणली होती. आठ दिवस नाईच म्हणत होती. आई डोयापुढून हटत नवती. मेला तं मरू दे, असं आलं मनात. नवव्या दिवशी मीच लावला फोन त्याईले. कोनी समजावलं नाई मले.” थोडं थांबून, “आयकून राह्यला काय?”

“हो,” म्हटलं आणि फोन ठेवला.

मला तिचा राग आला. तिनं मॅरो दिल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदा. खूप आला. पाणी प्यायलो, खिडकीशी उभा राहिलो, श्वास जागेवर येऊ दिला.

मग मीच परत फोन लावला.